छातीचा सर्जन योजनेतून कसा शोधायचा (आमचे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून)

मागच्या वर्षी आमच्या काकांच्या छातीत पू झाला. टीबीच्या गोळ्या चालू होत्या, तरी ताप उतरेना, मग तालुक्याच्या दवाखान्यात बरगडीतून नळी टाकली, पिशवी लावली, आठवडा झाला दहा दिवस झाले पू येतच राहिला, शेवटी डॉक्टर म्हणाले फुफ्फुसावर जाड साल चढलीय, ती सोलून काढावी लागेल, छातीचा सर्जन बघा. आता बघा म्हणजे कुठे बघा? काकांकडे केशरी रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड काढलेलं, आम्हाला वाटलं महात्मा फुले किंवा आयुष्मान, या सरकारी मोफत उपचार योजनांचा बोर्ड दिसला की आत जायचं, काम झालं. तसं नसतं, आणि ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

सगळ्यात आधी हे समजून घ्या: योजनेत डॉक्टर नसतो, हॉस्पिटल असतं. आणि हॉस्पिटलसुद्धा सगळ्या आजारांसाठी नसतं, ज्या विभागांसाठी मान्यता मिळाली तेवढ्यांसाठीच असतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे महात्मा फुले योजनेचा मोठा बोर्ड होता, अर्धा दिवस बसलो, मग कळलं की त्यांची मान्यता हाडांची आणि किडनीची. दुसऱ्या ठिकाणी हृदयाचा विभाग मान्य होता पण तिथले सर्जन फक्त बायपास आणि व्हॉल्व्हच करायचे, फुफ्फुसाला हात लावत नव्हते. म्हणजे तीन गोष्टी एकाच जागी जुळायला पाहिजेत, हॉस्पिटल योजनेत, तो विभाग योजनेत, आणि फुफ्फुसाची ऑपरेशनं खरंच करणारा सर्जन तिथे येणारा. एक जरी सुटली तरी फेरी वाया जाते, आणि पेशंटला दम लागत असताना एकेक फेरी म्हणजे काय हे ज्याने केलीय त्यालाच माहीत.

यादीत 'छातीचा सर्जन' असं कुठेच लिहिलेलं नसतं. फुफ्फुसाची शस्त्रक्रिया कार्डिओथोरॅसिक विभागात येते, काही ठिकाणी त्यालाच सीव्हीटीएस (हृदय, रक्तवाहिन्या आणि छातीची शस्त्रक्रिया) म्हणतात, डॉक्टरांच्या पाटीवर एमसीएच सीव्हीटीएस किंवा त्याच विषयातली डीएनबी अशी पदवी असते. फुफ्फुसाचा कॅन्सर असेल तर कॅन्सर सर्जरीच्या विभागात शोधा, लहान मुलाला पू झाला असेल तर बालशस्त्रक्रिया विभागात. आणि चेस्ट फिजिशियन म्हणजे सर्जन नाही बरं का, ते औषधं देतात, दुर्बीण घालून तपासतात, नळी टाकतात, पण साल सोलायचं काम त्यांचं नाही. आमच्या घरात हा घोळ बरेच दिवस चालला.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. 155388 हा फुले योजनेचा टोल फ्री नंबर, दुसरा 1800 233 2200, आणि आयुष्मानचा 14555. फोन लावून 'छातीचं ऑपरेशन कुठे होतं' असं मोघम विचारू नका, मोघमच उत्तर मिळतं. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आमचं होतं डिकॉर्टिकेशन (म्हणजे ती साल सोलणं), कुणाचं लोबेक्टॉमी (फुफ्फुसाचा एक भाग काढणं) असेल, आणि मग विचारा की हे ऑपरेशन योजनेत बसतं का, आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात कार्डिओथोरॅसिकची मान्यता कुणाकुणाला आहे, आणि हे फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव आहे का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण योजनेत 1356 उपचार होते तेव्हा त्यातले 119 सरकारीसाठी राखीव होते, तसं असेल तर खासगीत कितीही हेलपाटे मारा, होत नाही. दोन्ही योजनांच्या वेबसाइटवर जिल्हा आणि विभाग निवडून यादीही दिसते, पण यादीत नाव आहे म्हणून लगेच गाडी काढू नका.

आधी त्या हॉस्पिटलला फोन करा आणि रिसेप्शनला नाही, आरोग्यमित्राला मागा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे पेशंटला मदत करायला योजनेने बसवलेल्या माणसाचं, टेबल असतं. त्यांना विचारा, फुफ्फुसाची केस शेवटची कधी झाली? सर्जन रोज असतात की आठवड्यातून एकदा बाहेरून येतात? आयसीयूचा बेड योजनेतून मिळतो का? आम्हाला शेवटी जे हॉस्पिटल मिळालं तिथल्या आरोग्यमित्र ताईंनी फोनवरच सांगितलं की सर मंगळवारी येतात, सीटी स्कॅनची सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. त्या एका वाक्याने आमचा एक आठवडा वाचला.

सर्जन भेटले की त्यांनाही थेट विचारा, फुफ्फुसाची ऑपरेशनं नेहमी करता का, दुर्बिणीतून होईल की छाती उघडावी लागेल, एक फुफ्फुस बंद ठेवून भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का. विचारताना संकोच वाटतो, आमच्या काकूला तर डॉक्टरांसमोर बोलायचीच भीती, पण चांगला सर्जन यावर रागावत नाही, उलट नीट समजावतो. पू सुरुवातीला पातळ असतो तेव्हा दुर्बिणीतून भागू शकतं, दिवस गेले की साल घट्ट होते, फुफ्फुस आखडतं, आणि मोठं ऑपरेशन लागतं. म्हणून नळी टाकून आठवडा होऊन गेला आणि फुफ्फुस फुलत नसेल तर 'अजून थोडं थांबू' म्हणू नका, त्याच दिवशी सर्जनचं मत मागा. आम्ही थांबलो, त्याचं वाईट वाटतं.

मुंबई जवळ असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे इथे सीव्हीटीएस विभाग आहेत, टीबीच्या पेशंटसाठी शिवडीचं टीबी हॉस्पिटल आहे, फुफ्फुसाच्या कॅन्सरला परळचं टाटा. विदर्भातल्या लोकांना नागपूरचं सुपर स्पेशालिटी. गर्दी असते, तारीख लांबते हे खरं, पण मोठे विभाग तिथे आहेत, त्यामुळे अवघड केस असेल तर मी आधी तिकडेच जा म्हणेन.

कागद घरूनच तयार ठेवा: रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, सीटीची सीडी, छातीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा आणि थुंकीचा रिपोर्ट, आधीच्या डिस्चार्जचं कार्ड. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, काकांचं एका ठिकाणी 'ज्ञानोबा' आणि दुसरीकडे 'ज्ञानदेव', त्यातच दोन दिवस गेले. पांढरं रेशनकार्डवाल्यांनो, तुम्ही पण आता योजनेत आहात, 1 जुलै 2024 पासून सगळ्या कार्डांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे. घरात 70 किंवा त्यावरच्या वयाचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मानचंच वय वंदना कार्ड वेगळं निघतं, उत्पन्न बघत नाहीत. आणि आभा कार्ड (आरोग्याच्या नोंदी ठेवायचा डिजिटल नंबर) म्हणजे आयुष्मान कार्ड नाही, आभावर उपचार फुकट होत नाहीत, रांगेत उभं राहिल्यावर हे कळलेली माणसं मी बघितलीत.

अ‍ॅडमिट झाल्यावर हॉस्पिटल मंजुरीसाठी कागद वर पाठवतं, त्याला प्री-ऑथ म्हणतात. तिकडून शंका आली की फाइल अडकते आणि आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून रोज सकाळी आरोग्यमित्राकडे जाऊन स्टेटस विचारा. इमर्जन्सी असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी घ्यायची सोय आहे, ती मागा. मंजूर झालेल्या पॅकेजमध्ये ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण सगळं येतं, तरी कुणी डिपॉझिट मागितलं किंवा औषध बाहेरून आणायला लावलं तर पावती घ्या, आधी आरोग्यमित्र, मग 155388 वर तक्रार, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. आमच्याकडेही एका ठिकाणी पैसे मागितले होते, तक्रार करतो म्हटल्यावर मागणं थांबलं.

योजनेत बसतच नसेल तर धर्मादाय हॉस्पिटल बघा. तिथे 10 टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचे असतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात जायचं. नोकरीत पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असेल तर ईएसआयच्या हॉस्पिटलमधून रेफरल घेऊनच पुढे जा, आधी परस्पर अ‍ॅडमिट झालात तर पैसे परत मिळवताना खूप त्रास होतो.

घरी सोडताना ऑपरेशनची नोट, बायोप्सीचा रिपोर्ट आणि पुढच्या भेटीची तारीख हातात घ्या, पुढची तपासणी योजनेत किती दिवस बसते ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. टीबी असेल तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतायत का ते टीबी युनिटमध्ये विचारा. तीन बॉलचं श्वास आत ओढायचं यंत्र देतात ते दिवसातून सांगितलं तेवढ्या वेळा करायचंच, दुखतं म्हणून काका टाळायचे, मग नातीने शेजारी बसून मोजायला सुरुवात केली तेव्हा कुठे तिसरा बॉल वर गेला.