जुन्या स्टिरिओवर मोबाईलची गाणी
जुना स्टिरिओ अजून मस्त वाजतोय ना, मग तो काढू नका प्लीज, त्याला फक्त एक ब्लूटूथ रिसीव्हर (फोनचं गाणं वायरशिवाय पकडून स्टिरिओला देणारी छोटी डबी) लावायचा. ॲम्प्लिफायरच्या मागे ऑक्स किंवा सीडी लिहिलेली लाल-पांढरी सॉकेट्स असतात त्यात आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ वायर) खोचायची, दुसरं टोक रिसीव्हरला, तिथे बहुतेक वेळा ३.५ मिमीची पिन लागते. फोनो इनपुटला मात्र अजिबात नको!! ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलीव्होल्टच्या सिग्नलसाठी असतं, आवाज पार फाटतो. मग सिलेक्टर (कुठल्या सॉकेटचा आवाज ऐकायचा ते निवडायचं बटण) ऑक्सवर, फोन पेअर करा, फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ फुल ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओच्याच नॉबने करा. गुणगुण आली तर रिसीव्हरचा अडॅप्टर बदलून बघा. वायफाय चांगलं असेल तर मी म्हणेन सरळ वायफाय स्ट्रीमरच (ब्लूटूथऐवजी घरच्या वायफायवरून गाणी घेणारी डबी) घ्या, फोन दुसऱ्या खोलीत नेला तरी गाणं तुटत नाही.