‘एर वाइस’ला शेवटी ‘ट’ का नाही? जर्मन वर्बचं मूळ असं शोधा

जर्मन शिकायला लागलं की ए-वन या पहिल्या पातळीलाच ‘विसन’ हे वर्ब येतं, अर्थ माहीत असणं. नियम असा की एर म्हणजे ‘तो’ आला की वर्बच्या शेवटी ट लागतो, एर माख्ट, एर कोम्ट, पण विसनचं मात्र एर वाइस, ट नाहीच, आणि ‘मी’साठी पण तेच, इश वाइस. क्लासमध्ये इर्रेग्युलर आहे पाठ करा एवढंच सांगतात. मी पण पाठ केलं आणि दोनदा विसरले, पण त्यामागचं कारण समजलं तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही, म्हणून ही पद्धत लिहितेय.

आधी भावंडं गोळा करा, म्हणजे नात्यातल्या भाषांमधलं तेच वर्ब. एकट्या जर्मनमध्ये बघून काही कळत नाही. डचमध्ये वेटन, स्वीडिशमध्ये वेता, आइसलँडिकमध्ये विता, आणि गॉथिकमध्ये वितन. गॉथिक ही जर्मनच्या नात्यातली जुनी भाषा आज मेली आहे पण ४ थ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबल आणलं म्हणून आपल्याला एवढी जुनी रूपं मिळतात, ती कधीच सोडू नका. इंग्लिशमध्ये वर्ब वापरातून गेलं पण विट, वाइज, विटनेस, अनविटिंगली हे सगळे त्याच घरातले.

आता आवाज लावून बघा. सगळीकडे त किंवा ट आहे, फक्त जर्मनमध्ये स. हे एका शब्दापुरतं नाही, वॉटरचं वासर, बेटरचं बेसर, ईटचं एसन, म्हणजे बदल जर्मनने केलाय, तर तो स काढून त ठेवा. मग अजून एक पायरी मागे जा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जे नियम मांडले त्यातला एक म्हणजे मूळचा द जर्मेनिक भाषांत (म्हणजे वरच्या सगळ्या भावंडांच्या कुळात) त-ट होतो. आपल्याकडे दोन तिकडे टू, दहा-टेन, दात-टूथ. तर ‘वित’मधल्या तचा द करा.

विद्.

विद्या, विद्यार्थी, विद्वान, वेद, सगळे याच धातूचे! मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण लगेच ‘जर्मन संस्कृतमधून आली’ असं फॉरवर्ड करू नका प्लीज. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, दोघींची आजी एक आहे, आणि त्याच आजीकडून लॅटिनला ‘विदेरे’ मिळालं, म्हणजे बघणं, ज्यातून व्हिडिओ आला.

हा ‘बघणं’ अर्थच किल्ली आहे, कारण ‘अहं वेद’ (मला माहितीये) यातल्या वेद या क्रियापदाच्या रूपाचा मूळ भाव ‘मी पाहिलंय’ असा, आणि पाहिलंय म्हणजे आता मला माहितीये. रूप जुनं भूतकाळासारखं, अर्थ वर्तमानाचा. संस्कृतवाल्यांना हे नवीन नाही, पाणिनीचं सूत्रच आहे ‘विदो लटो वा’ (३.४.८३), विद् धातूला वर्तमानकाळात लिट्‌चे (संस्कृतमधल्या एका भूतकाळाचे) प्रत्यय विकल्पाने लागतात. आता रूपं शेजारी शेजारी लिहा, वहीत खरंच लिहा. अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद, वयं विद्म. गॉथिक: वाइत, वाइस्त, वाइत, वितुम. जर्मन: वाइस, वाइस्ट, वाइस, विसन. मी आणि तो यांचं रूप तिन्हीकडे एकच, आणि एकवचनात ए किंवा आइ, ‘आम्ही’ला आलं की इ. एर माख्टमधला ट वर्तमानकाळाचा प्रत्यय आहे, वाइस मुळात त्या काळाचं रूपच नाही, मग ट लागणार कुठून?

आणि याचा फायदा एका वर्बवर थांबत नाही. एर कान (तो करू शकतो), एर मुस (त्याला करावंच लागतं), एर डार्फ (त्याला परवानगी आहे), यांनाही ट नाही, कारण तेच, आणि इंग्लिशमध्ये ‘ही कॅन’ला एस लागत नाही तेही याचमुळे. फक्त ‘एर विल’ (त्याला हवंय) तसंच दिसत असलं तरी ते दुसऱ्या रस्त्याने आलंय, त्याला यात धरू नका.

एक सापळा सांगून ठेवते. जर्मनमध्ये पांढऱ्यालाही वाइसच म्हणतात, स्पेलिंगपण सेम, आणि नवखे लोक दोन्ही एकत्र बांधून मोकळे होतात. अशा वेळी परत भावंडांकडे जायचं. इंग्लिश व्हाइटच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच आहे, विटमध्ये नाही. तो एच जुन्या कचा उरलेला आवाज आहे, आणि हा शब्द जातो आपल्या ‘श्वेत’च्या घरात. दिसायला जुळे, नातं काहीच नाही. म्हणून नुसत्या सारखेपणावर कधीच विश्वास ठेवू नका, आवाजाचा नियम लागला पाहिजे आणि तो दुसऱ्या चार शब्दांतही लागला पाहिजे.

हे जमलं की पुढचं ‘केनन’ घ्या. विसन माहितीसाठी, केनन माणूस किंवा गाव ओळखीचं असण्यासाठी, इंग्लिशने दोन्ही कामं ‘नो’ (know) वर टाकली. भावंडं काढा, नोच्या स्पेलिंगमधला न बोलला जाणारा के लक्षात ठेवा, ग्रिमच्या नियमाने त्या कचा ग करा, आणि मग संस्कृतमधला ज्ञा आणि आपलं रोजचं ‘जाणणं’ शेजारी ठेवून बघा.