सिगारेट सोडायचीय? आधी डोकं तयार करा, मग पाकीट टाका

उद्यापासून बंद म्हणत रात्री शेवटची ओढायची आणि सकाळी चहासोबत परत चालू, असले लई जण बघितलेत. लोक म्हणतात इच्छाशक्ती नाही. असते हो, पण आपण तिला टपरीवरच कामाला लावतो, जिथं मित्राच्या हातात पेटलेली असते न आपल्या हातात कटिंग. तिथं कोण टिकणार? ठरवायचं ते घरी, आधी, डोकं शांत असताना.

म्हणून पहिला आठवडा सोडूच नका. ओढा, पण प्रत्येक वेळी मोबाईलमध्ये लिहा, कुठं, कुणासोबत, कशामुळं. मग दिसेल की बऱ्याच वेळा तलफ नव्हतीच, सोलापुरात सात रस्ता चौकात कुणाची तरी वाट बघत होतो म्हणून पेटवली, जेवण झालं म्हणून पेटवली. अशा प्रत्येक वेळेला काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. जेवण झालं की बडीशेप तोंडात टाकून उठायचं, बास.

तारीख नीट बघून धरा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्र रात्र होम मैदानावर दोस्तांसोबत फिरायचंय, हुरडा पार्टी आहे, तेव्हा नको. एखादा बोअर आठवडा बरा. आदल्या दिवशी टपरीवाल्या मामाची उधारी मिटवा आणि सांगून टाका, मागितली तरी देऊ नका. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण ती किती पाळतात हे तुम्हालाही माहितीय.

पहिले २-३ दिवस सगळ्यात बेकार. चिडचिड, झोप नाही, सारखं खावंसं वाटतं, हे होणार म्हणून घरच्यांनाही आधीच सांगा, नाहीतर बायकोशी भांडण आणि खापर सिगारेट सोडण्यावर. हे २ ते ४ आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पाणी प्या, चालत सुटा, कुणाला तरी फोन लावा. आणि चहा कमी करा! धुरामुळं शरीर कॅफिन लवकर संपवतं, धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त चढतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि आपल्याला वाटतं सिगारेटशिवाय जमतच नाही.

सिगारेट सोडून तंबाखू-सुपारीचा मावा लावणारे तर आपल्याकडं गल्लीगल्लीत. निकोटिन तेच, वर तोंडाचा कॅन्सर. बिडी पानाची म्हणून हलकी, हेही खोटं. आणि ज्यांच्या घरात आई-वहिनी बिड्या वळतात त्यांचं खरंच अवघड आहे, माल समोरच पडलेला, त्यावरच घर चालतं, बंद करा म्हणता येत नाही. त्यांनी एवढं तरी करावं, तयार बंडल आपल्या हातानं उचलायचं नाही आणि कारखान्यात माल पोचवायचं काम काही दिवस दुसऱ्याकडं द्यायचं.

मधेच एखादी ओढली तर आता गेलंच म्हणून पाकीट घेऊ नका, कुठं ओढली ते लिहा आणि पुढची टाळा. नुसत्या मनाच्या जोरावर होत नसेल तर सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, त्यात कमीपणा काही नाही. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, फक्त हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.