दूध संकलनाच्या स्क्रीनचे भाग पाडण्यापूर्वीची तयारी

करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेसाठी संकलनाचे ॲप करायचे ठरले की नवशिक्याचा हात आधी लॅपटॉपकडे जातो. तो काही वेळ आवरावा आणि संस्थेच्या नोंदवहीचे एक भरलेले पान व यंत्रातून निघालेली दुधाची पावती समोर घ्यावी. सभासदाचा कोड, नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ, म्हैस की गाय, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढा मजकूर तिच्यावर असतो. स्क्रीनवर दिसणारे जवळजवळ सगळे याच मजकुरातून येणार असल्यामुळे स्क्रीनचे भाग पाडण्याआधी या मजकुराचे गट पाडावेत: संपूर्ण संकलनाला एकच असणारी माहिती, प्रत्येक नोंदीबरोबर बदलणारी माहिती आणि नोंदींवरून हिशेबाने काढता येणारी माहिती. तीन रंगांच्या पेन्सिलींनी पावतीवर खुणा केल्या की बरेचसे काम तिथेच उरकते.

त्यानंतर कोऱ्या कागदावर स्क्रीन मोठी काढावी आणि चौकटी आखाव्यात. वर संस्थेचे नाव, तारीख आणि वेळ दाखवणारी पट्टी, तिच्याखाली एकूण लिटर व सरासरी फॅटचा सारांश, मधे नोंदींची यादी, तळाशी ‘नवी नोंद’ हे बटण, अशा चार मोठ्या चौकटी सहज निघतात. यादीच्या चौकटीत एका नोंदीची ओळ आणि त्या ओळीत जनावर दाखवणारी छोटी खूण, असे आत आत जावे. परंतु ज्या चौकटीला स्वतंत्र नाव सुचत नाही किंवा जी एकटी बदलण्याचे कारण दिसत नाही, तिथे थांबावे. प्रत्येक आकड्याचा वेगळा घटक, म्हणजे कोडमधला स्वतंत्र भाग, केला तर पुढे फाईली शोधण्यातच दिवस जातो. हा कागद ॲप बनवण्याच्या कोणत्याही साधनाला चालतो. २०१५ मध्ये खुले झालेले रिॲक्ट नेटिव्ह, २०१८ च्या डिसेंबरात पहिली स्थिर आवृत्ती आलेले फ्लटर आणि २०२१ च्या जुलैत स्थिर झालेले जेटपॅक कंपोज या तिन्हींमध्ये स्क्रीन म्हणजे घटकांत घटक बसवून उभे केलेले झाड असते. जुन्या अँड्रॉइड धड्यांमध्ये मात्र प्रत्येक भागासाठी फ्रॅगमेंट, म्हणजे स्क्रीनचा अर्धस्वतंत्र तुकडा, वापरलेला दिसेल. तो २०११ च्या अँड्रॉइड ३.० बरोबर टॅब्लेटची मोठी स्क्रीन डोळ्यांपुढे ठेवून आला आणि त्याला तयार होण्यापासून मिटेपर्यंतचे स्वतःचे जीवनचक्र असते, ते सांभाळावे लागते, म्हणून नोंदीच्या एका ओळीसाठी ते ओझे घेऊ नये.

चौकटींना नावे कामावरून द्यावीत, रूपावरून देऊ नयेत. ‘हिरवी पट्टी’ हे नाव संस्थेने रंग बदलला त्या दिवशी खोटे ठरते, ‘वेळपट्टी’ टिकते.

सर्वाधिक वेळ खरे तर पुढच्या प्रश्नाला द्यावा. दोन चौकटी सारख्या दिसत असतील, तर त्या एकच घटक आहेत काय? माझ्या पहिल्या ॲपमध्ये दुधाची नोंद आणि पशुखाद्याची वजावट या दोन्ही ओळी हुबेहूब दिसत होत्या: डावीकडे नाव, खाली तारीख, उजवीकडे रक्कम. मी मोठ्या समाधानाने दोन्हींसाठी एकच घटक केला. पुढे दुधाच्या ओळीत फॅट व एसएनएफ आले, वजावटीच्या ओळीत पोत्यांची संख्या आणि उरलेली बाकी आली, आणि त्या एका घटकाला ‘हे दाखव, ते लपव’ अशी सात होय-नाहीची बटणे जोडावी लागली. अखेरीस तो मोडून दोन सरळ घटक केले तेव्हा एकूण ओळी कमीच झाल्या. म्हणून कागदावर प्रत्येक सारख्या जोडीसमोर लिहावे की एक बदलली तर दुसरी त्याच कारणाने बदलेल का. उत्तर ‘होय’ असेल तरच एक घटक करावा. गायीची आणि म्हशीची नोंद या कसोटीला उतरते, कारण फक्त खूण आणि दराचा तक्ता निराळा असतो. वजावट उतरत नाही. शंका असेल तर ओळ दोनदा लिहिलेली परवडते, आणि सामाईक फोल्डरमध्ये घटक तेव्हाच हलवावा जेव्हा दुसरी स्क्रीन तो खरोखर मागेल.

मग प्रत्येक चौकटीच्या कडेला दोन बाण काढावेत: आत काय येते आणि बाहेर काय जाते. नोंदीच्या ओळीत एक नोंद आत येते आणि ‘या नोंदीवर बोट पडले’ एवढाच निरोप बाहेर जातो. ओळीने स्वतः डेटाबेस उघडू नये, सर्व्हरला विचारू नये आणि दरही काढू नये. सारांशाचेही तसेच. सरासरी फॅट ही लिटरच्या प्रमाणात काढावी लागते, नुसती फॅटची बेरीज करून नोंदींच्या संख्येने भागून चालत नाही, आणि हा हिशेब दाखवणाऱ्या चौकटीत लपला तर तो तपासणार कोण? बदलत राहणारी माहिती कोणाकडे ठेवायची हेही याच वेळी ठरवावे. सकाळ-संध्याकाळची निवड वरच्या पट्टीत होते, पण ती यादीला आणि सारांशालाही लागते, म्हणून ती या तिघांना सामावणाऱ्या स्क्रीनकडे ठेवावी आणि तिथून खाली द्यावी.

यादी लांब असते, त्यामुळे दिसणाऱ्या ओळीच तेवढ्या तयार करणारी यादी वापरावी: फ्लटरमध्ये लिस्टव्ह्यू बिल्डर, कंपोजमध्ये लेझी कॉलम, रिॲक्ट नेटिव्हमध्ये फ्लॅटलिस्ट. ओळीची ओळख म्हणून सभासदाचा कोड देण्याचा मोह होतो, पण एकच सभासद एकाच वेळी गायीचे आणि म्हशीचे दूध आणतो आणि एका कोडाच्या दोन ओळी होतात. ओळख नोंदीच्या स्वतःच्या क्रमांकावरूनच द्यावी. कोड मात्र ओळीत नावापेक्षा ठळक असावा, कारण आपल्याकडच्या गावात एकाच नावाचे तीन पाटील निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

मापांची यादी छोटी आहे. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयफोनवर ४४ पॉइंट असावी (दोन्ही स्क्रीनच्या बारकाईशी जुळवून घेणारी मापे), मजकूर व पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, आणि अंतरे ८ च्या पटीत ठेवली तर घटक एकमेकांशेजारी नीट बसतात. ओळीची उंची मात्र पक्की करू नये. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणारा कारागीर तो मुद्दाम किंचित मोठा करतो, कारण ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. आपल्याला सूट उलट्या दिशेने द्यायची असते, कारण मजकूर वाढतो. देवनागरीत वर वेलांटी व रफार आणि खाली उकार येतात, शिवाय अँड्रॉइड १४ पासून वापरणारा अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करू शकतो. कागदावर सर्वांत लांब नाव आणि सात आकडी रक्कम लिहून पाहावी. ती १२,३४,५६७ अशीच दिसली पाहिजे, १,२३४,५६७ अशी नव्हे.

प्रत्येक घटकाची वाईट अवस्थाही आधीच काढून ठेवावी. यादी रिकामी असताना, माहिती येत असताना आणि नेट नसताना काय दिसेल, हे ठरवणे सोपे आहे. न मोजलेल्या फॅटचे प्रकरण नाजूक आहे. यंत्र बंद पडले म्हणून फॅट लागली नाही आणि ओळीत ०.० दिसले, तर सभासदाच्या लेखी त्याच्या दुधाला पाणी ठरवले गेले. अशा जागी आडवी रेघ आणि ‘फॅट बाकी’ एवढे शब्द दाखवावेत, आणि आत येणाऱ्या माहितीत ‘शून्य’ व ‘माहिती नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

या सर्व अवस्था एकाखाली एक मांडणारी नमुना स्क्रीन पहिल्याच दिवशी तयार करावी. ती ग्राहकाला द्यायची नसते. कंपोजमध्ये ॲप न चालवता घटक पाहण्याची प्रिव्ह्यू ही सोय आहे, पण साध्या फोनवर उघडलेली नमुना स्क्रीन अधिक खरे सांगते. कोड लिहिण्याआधी कागद घेऊन पहाटे संकलन केंद्रावर एकदा उभे राहावे. तिथे सेक्रेटरींचा एक हात मापाजवळ असतो, दुसऱ्या हाताची बोटे ओली असतात, पावसाळ्यात उजेड अपुरा असतो आणि रांग थांबलेली असते. त्यांना कागदावरच्या चौकटींवर बोट ठेवून नोंद करून दाखवायला सांगावे आणि बोट जिथे अडखळेल ती चौकट तिथेच खोडून पुन्हा काढावी.