एकाच पाण्यात दहा होड्या: या चुका टाळा

३१ जुलैला ६१ दिवसांची पावसाळी मासेमारीबंदी संपते आणि आमच्या गोव्यातल्या शापोरा नदीत दरवर्षी दोन-चार नव्या कोऱ्या फायबर होड्या उतरतात. रंगाचा वास गेलेला नसतो, इंजिनाला घातलेला हार सुकलेला नसतो. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला देऊन आठवडा होत नाही, तोच कुणाचं तरी जाळं कापलेलं सापडतं. आधी मी भांडायचो. आता घसा साथ देत नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्याच्या जाळ्यावर जाळं टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोचायला उशीर झालेला असतो, काल जिथे बांगडा लागला तिथे तीन होड्या आधीच बसलेल्या. नवा गडी बघतो, जाळ्याच्या टोकांना काठीवर खुणेसाठी लावतात त्या दोन फडक्यांच्या मधे पाणी मोकळं आहे, आणि तिथेच सोडायला लागतो. अरे बाबा, ते पाणी मोकळं नाही. त्या दोन फडक्यांच्या मधे कुणाचं तरी जाळं उभं आहे. एक फडका दिसला की दुसरा सापडेपर्यंत इंजिन हळू ठेवायचं. नाही सापडला तर होडीवाल्याला हाक मारून विचारायचं. हाकेला पेट्रोल लागत नाही.

वाहतं जाळं टाकल्या जागी राहत नाही, हेही ध्यानात येत नाही. "शंभर वाव अंतर सोडलं होतं" अशा शपथा मी खूप ऐकल्या. सोडलं असशील. पण तुझं जाळं जास्त खोल, त्याचं कमी. वरचं पाणी एकीकडे ओढतं, खालचं दुसरीकडे आणि वारा होडीला तिसरीकडे. दोन तासांत दोन्ही जाळी एकमेकांच्या गळ्यात.

माझी सवय सांगतो. जाग्यावर पोचलो की इंजिन बंद करून होडी नुसती वाहू देतो, एक बिडी संपेपर्यंत. शापोऱ्याचा किल्ला आणि किनाऱ्यावरचा एखादा दिवा धरून बघतो, पाणी कुठे नेतंय. मग आधी आलेल्याने जाळं जसं मांडलंय तसंच, त्याला समांतर, माझ्या जाळ्याच्या लांबीएवढं अंतर सोडून टाकतो. तेवढी जागा नसेल तर दुसरीकडे जातो. मासा कमी मिळतो. मिळू दे. ज्यांना बिडीएवढा वेळ थांबवत नाही त्यांनी पोल्ट्री काढावी.

एका ऑक्टोबरातली गोष्ट. मोरजीच्या किनाऱ्यासमोर आठ तुकड्यांचं जाळं टाकून मी आणि भाचा बसलो होतो. रात्री अकराच्या सुमारास ओढायला घेतलं तर हलकं लागलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. पहिला तुकडा आला, दुसरा आला, तिसऱ्याच्या शेवटी जाळंच संपलं. दोराचं टोक हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं. दोर घासून तुटला तर टोक पिंजारतं. हे सपाट होतं, सुरीने कांदा कापावा तसं.

पाच तुकडे गेले. दोन दिवसांनी ते मोरजीच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून माणसं ओढतात त्या मोठ्या जाळ्यात आले, सडलेले बांगडे आणि अडकलेल्या कुर्ल्या घेऊन. नायलॉन कुजत नाही, मालक सोबत नसला तरी मासा धरतच राहतं. मोरजीला अंडी घालायला येणारी कासवंसुद्धा असल्याच तुकड्यांत अडकतात. रापणकारांची सकाळ ते सोडवण्यात गेली, आणि जाळ्याच्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या गोळ्यांवर, हिरवा पट्टा माझा. वीस माणसं माझ्या दारात. कापणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडात नाही.

तो आठवड्याने सापडला, आमच्याच वाड्यावरचा पोरगा. "काळखांत फडको दिसलो ना, काका," म्हणाला. ठीक आहे, नाही दिसला. मग कापल्यावर सांगायला काय झालं होतं? त्यावर मान खाली. खरं सांगायचं तर माझ्या फडक्यावरच्या दिव्याचे सेल त्या रात्री उतरलेले होते. हे मी त्या वीस जणांना सांगितलं नाही.

गुंता झाला की आधी सुरी काढणं

जाळ्यांचा गुंता सुटतो. वेळ लागतो, पण सुटतो. इंजिन बंद, पंखा पाण्याबाहेर. समोरच्याला बोलवा, दोन्ही होड्या शेजारी घ्या. ज्याचं जाळं वर आहे त्याने आधी ओढायचं, दुसऱ्याने आपलं सैल सोडायचं. दोघांनी एकदम ओढलं की वेणी घट्ट होते आणि मग शिव्या सुरू होतात.

कापावंच लागलं तर आपलं कापा. नंतर आलेले तुम्हीच ना? दुसऱ्याचं कापायची वेळ आलीच तर जाळं फाटू दे, दोराला हात लावू नका. दोरही गेला तर दोन्ही टोकं पुन्हा गाठून सोडा, म्हणजे निदान वाहून जाणार नाही. आणि सकाळी धक्क्यावर जाऊन तोंडाने सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवून भागत नाही.

ट्रॉलरच्या मागून आडवं जाणं

ट्रॉलर म्हणजे मागे जाळं ओढत चालणारी मोठी बोट. तिच्या मागे पक्षी दिसतात, म्हणून लहान होड्या तिथे घुसतात. ट्रॉलरच्या दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट असू शकते. तुम्हाला दिसतो तो त्याचा सुरुवातीचा तुकडा. जाळं ओढत असताना त्याला पटकन वळता येत नाही, थांबताही येत नाही. रात्री दिवे वाचायला शिका. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉल ओढतोय, तांबड्याखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी जाळ्याने मासेमारी चालू आहे. एवढं दोन ओळींचं पाठ नसताना लोक रात्री समुद्रात जातात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ट्रॉलरवाल्यांनीही ऐकावं. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत तुमचं काम नाही. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे गोव्यात १९८० चा मासेमारीचा कायदा आला. आणि पाण्यावर एलईडीचा झोत टाकून मासा गोळा करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. "सगळेच करतात" हे मला सांगू नका. कुणी आत आलाच तर नंबर टिपा, फोटो काढा, मत्स्य खात्याकडे द्या. त्याच्यासमोर होडी आडवी घालण्यात शौर्य नाही, तुमची होडी साडेआठ मीटरची आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रापण पाण्यात आहे तोवर तिच्या वेढ्यात इंजिन नेऊ नये. पलीकडे जायचं असेल तर बाहेरून वळसा.

तारल्यांचा थवा दिसला की फुल रेसवर धावू नका. थवा खाली बसतो, तुमचाही जातो आणि आधी पोचलेल्याचाही.

नदीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे. लाट बघून एकेकाने आत यायचं. दुसऱ्याला मागे टाकायची जागा ती नव्हे.

दुसऱ्याच्या मागे जाऊन त्याचं खडप, म्हणजे मासा लागतो तो पाण्याखालचा खडक, जीपीएसमध्ये साठवणं. कायद्याने गुन्हा नाही. पण मी असल्या माणसाला बर्फ उधार देत नाही.

फाटकं जाळं पाण्यात टाकू नका, घरी आणा. वर वाचलंत ना.

कुणी अडचणीत दिसला तर जाळं सोडून जा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये नको, होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा, फोन भिजतो.

आणि फडका. काठी उंच हवी, कापड दरवर्षी नवं, दिवा दोन्ही टोकांना, बोयांवर आपली खूण. मी निघताना पायरीवर असतो तेव्हा बायको आतून एकच विचारते, "सेल घेतले?"