ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा बिघाड कसा शोधावा

जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील धुके लवकर विरत नाही. अशाच एका सकाळी आमच्या गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१३५ हा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड आला. हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूतील ऑक्सिजन मोजतो आणि त्यातला छोटा हीटर त्याला लवकर तापवतो. मेकॅनिकने कोड वाचताच नवा सेन्सर बसवला, पण चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला, कारण दोष सेन्सरमध्ये नसून सायलेन्सरच्या पाइपाला टेकून वितळलेल्या वायरीत होता. हा कोड हीटरच्या सर्किटात बिघाड आहे एवढेच सांगतो. त्या सर्किटात फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), वायरी, कनेक्टर आणि ईसीएम, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणकही येतो.

झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर साधारणतः ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि तोवर ईसीएम पेट्रोलचे प्रमाण ठरावीक अंदाजावर चालवते. त्यामुळे थंडीत घरापासून दाल बाजारापर्यंतच जाऊन परतणाऱ्या गाडीला हीटरची गरज सर्वाधिक असते. पी ०१३५ हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरचा, तर पी ०१४१ हा त्यानंतरच्या सेन्सरचा कोड आहे, हे पाहूनच गाडीखाली शिरावे.

प्रथम फ्यूज पाहावा. मग इंजिन पूर्ण थंड असताना कनेक्टर सोडवावा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी, बहुधा पांढऱ्या, हीटरच्या असतात. त्यांच्यामधील रोध अनेक सेन्सरांत २ ते १५ ओमच्या दरम्यान येतो, मात्र नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांस लावून येणारा रोध त्यातून वजा करावा. रोध अनंत आला, तर हीटरची तार तुटली आहे आणि सेन्सर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रोध योग्य असेल, तर गाडीकडील कनेक्टर तपासावा. इग्निशन चालू केल्यावर हीटरच्या एका पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळायला हवा. काही गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच मिळतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो आणि हीटर जोडताच तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून ती पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये ५ वॅटचा बल्ब लावून पाहावा. थेट बॅटरीवर जितका लख्ख पेटतो, तितकाच तो इथेही पेटला पाहिजे. मिणमिणला तर वायर किंवा रिलेचा संपर्क खराब आहे. आमचा बल्ब निखाऱ्यासारखा लालसर दिसला होता.

यानंतर कोड पुसून, इंजिन चालू ठेवून तोच बल्ब हीटरच्या दोन्ही पिनांमध्ये लावावा. ईसीएम अर्थची (ऋण) बाजू सतत चालू-बंद करत असल्याने तो पेटतो किंवा लुकलुकतो. कोड पुसणे आवश्यक आहे, कारण बिघाड नोंदवल्यावर काही ईसीएम ती बाजू बंदच ठेवतात. पुरवठा चांगला असूनही बल्ब पेटला नाही, तर पिनेपासून ईसीएमपर्यंतची वायर तपासावी. ती अखंड निघाल्यावरच ईसीएमवर संशय घ्यावा.

सेन्सरच्या वायरी कापून डाग देऊ (सोल्डरिंग करू) नये, कारण अनेक सेन्सर ऑक्सिजनच्या तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्याच वायरींच्या आतून घेतात. वायरिंग पाइपापासून दूर क्लिपेने बांधावे, गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी सुरू करून स्कॅनर पुन्हा लावावा.