गाठीची सुई-तपासणी करताना या चुका टाळा

मानेतल्या गाठीत सुई घालून पेशी तपासल्या आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तो रिपोर्ट सुईत आलेल्या पेशींचा असतो, अख्ख्या गाठीचा नव्हे. कॅन्सर लसिका ग्रंथीत (मान, काख, जांघेतल्या छोट्या ग्रंथी, सुजल्या की गाठ म्हणून हाताला लागतात) बहुधा कडेने शिरतो आणि सुरुवातीला अगदी थोडी जागा व्यापतो. सुई जरा बाजूला गेली, तर निरोगी पेशीच हाती लागतात. गाठ टणक असेल, वाढत असेल, तर सोनोग्राफीत बघून पुन्हा सुई लावायला सांगा. ‘सॅम्पल अपुरं’ असा शेरा असेल, तर तपासणी झालीच नाही असं धरा.

कुठली गाठ तपासली, यावरही बरंच अवलंबून असतं. जांघेतल्या गाठी पायाच्या साध्या जखमेनेही सुजतात. मानेत किंवा काखेतही गाठ असेल, तर सहसा ती आधी तपासावी. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यातली गाठ मात्र कधीच अंगावर काढू नका. छातीतला किंवा पोटातला कॅन्सर तिथे दिसू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान घाईच्या औषधांनी होतं. गाठ बसावी म्हणून स्टेरॉइड दिलं, तर लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्याच कॅन्सरची) गाठ काही दिवसांत विरघळते आणि नंतरच्या बायोप्सीत निदान धूसर होतं. लिम्फोमाची शंका असेल, तर शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी. नुसत्या सुईवर त्याचा प्रकार नीट ठरत नाही. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की टीबी आठवतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. म्हणूनच गाठ काढण्याआधी सर्जनला विचारा: तुकडे दोन डब्यांत जाणार ना? एक फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात), दुसरा सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही.

सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, या भीतीने महिने घालवू नका. बारीक सुईने तसं होणं अत्यंत दुर्मिळ आहे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ‘मानेत गाठ लागत नाही, मग मान कशाला उघडायची?’ असं नातेवाईक विचारतात. हाताला न लागणाऱ्या ग्रंथींतही कॅन्सर लपलेला असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला 2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा होता. मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ येईपर्यंत वाट पाहिलेल्यांत 67.5 टक्के.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये किमान 12 ग्रंथी तपासल्याची नोंद आहे का, तेही बघा. कमी असतील, तर ठेवलेल्या नमुन्यात आणखी ग्रंथी शोधता येतील का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारता येतं.